लॉग ७ : क्लीट निर्दोष होता

मी जुळवलेल्या कार्बन सायकलच्या मागच्या लॉगमध्ये छातीठोकपणे लिहिलं होतं की उजव्या गुडघ्याचं दुखणं क्लीटमुळे (बुटाच्या तळाचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) आहे आणि क्लीट तीन मिलिमीटर मागे घेतले की सुटेल. ते वाचून ज्या दोघांनी आपले चांगले बसलेले क्लीट हलवले, त्यांनी ते आज संध्याकाळीच जागेवर न्यावेत. चूक माझी.

झालं असं. शनिवारी इंदूरहून खंडवा रोडने सिमरोलला, आयआयटीच्या गेटपर्यंत जाऊन आलो. परतताना तेजाजी नगरच्या अलीकडेच गुडघ्याच्या वाटीखाली ओळखीची कळ सुरू झाली. ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलबारच्या खालच्या वाकड्या भागावर, वाकलं की गुडघा पोटाला लागत होता. पोह्यांना दोष देऊन मोकळा झालो. रविवारी जुन्या गंजीने फ्रेम पुसत होतो तर कापड सीटपोस्टवर, म्हणजे सॅडलच्या दांड्यावर, कशाला तरी अडकलं. लॉग २ मध्ये सॅडलच्या उंचीची खूण म्हणून पिवळा इन्सुलेशन टेप गुंडाळला होता ना, तोच. त्याचा चक्क गोळा झाला होता. उतरलेल्या मोज्यासारखा, वळ्यांवर वळ्या, क्लॅम्पच्या रबरी टोपीवर चढून बसलेला. हा गोळा मी पंधरा दिवस रोज बघत होतो. उन्हाने टेपचा गोंद वितळला असेल, अशी स्वतःची समजूतही घातली होती. फेब्रुवारीत. गॅरेजमध्ये.

टेप टोपीच्या आत जाऊ शकत नाही. पोस्ट जाऊ शकतो. बीबीच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो आस) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत पट्टी लावली : ७०१ मिलिमीटर. बिल्ड झाला त्या दिवशी ७१५ होते. माझा इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) ८१ सेंटिमीटर, त्याला ०.८८३ ने गुणलं की ७१.५ येतात, तोच सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने चालणारा हिशेब. तीन आठवड्यांत चौदा मिलिमीटर गायब. सीट ट्यूब, म्हणजे पोस्ट ज्यात उतरतो ती नळी, तिरकी असल्यामुळे सॅडल खाली जाताना चारेक मिलिमीटर पुढेही सरकली. खाली आणि पुढे! गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखवायचं असेल तर याहून सोपा उपाय नाही. पण एका राइडमध्ये तीन-चारच मिलिमीटर गेले की शरीराला कळत नाही, ते निमूट जुळवून घेत राहतं.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. सॅडल खाली जात होती तसा मला हँडलबार उंच वाटायला लागला होता. म्हणून मी दहा मिलिमीटरचा स्पेसर (हँडलबार उंच करणारी कडी) खालून काढून वर ठेवला आणि लॉग ६ मध्ये 'शरीर लवचिक होतंय' असं लिहिलं. त्यावर तुम्ही शाबासकीही दिलीत. एवढंच नाही, तर वर राहिलेला स्टीअरर, म्हणजे हँडलबार ज्यावर बसतो ती नळी, कापायला शेजारच्या काकांकडून हॅक-सॉ मागून आणला होता. कार्बन कापायचा ब्लेडही घेऊन ठेवला होता. रविवारी सायकल पुसायची लहर आली नसती तर पुढच्या शनिवारी स्टीअरर कापला गेला असता, आणि कापलेला स्टीअरर काही परत उगवत नाही. हॅक-सॉ त्याच संध्याकाळी परत केला. काका म्हणाले, "झालं का काम?" मी म्हटलं, "हो काका, न करताच झालं."

तर सीटपोस्ट. ही नेहमीची गोल पोस्ट-कॉलरची भानगड नाही. एरो फ्रेम (वारा कापणारी), डी आकाराचा पोस्ट, टॉप ट्यूबमध्ये, म्हणजे वरच्या आडव्या नळीत, लपवलेला दोन तुकड्यांचा वेज (पाचर). वरून बोल्ट आवळला की तुकडे एकमेकांच्या उतारावर सरकतात आणि पोस्टला दाबून धरतात. दिसायला झकास. पण पकड सगळी त्या दीड इंची धातूवर.

पहिला आरोपी मीच. पंधरा वर्षं स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या सायकली खोलतोय. तिथे सीटपोस्टला ग्रीस लावायचंच, नाहीतर दोन पावसाळ्यांनंतर पोस्ट फ्रेममध्ये असा जाम होतो की मग हातोडा आणि शिव्या. हात सवयीने डब्याकडे गेला असणार. पोस्ट बाहेर काढला तर खालचा अर्धा भाग हिरवट ग्रीसने माखलेला, वेजची पोस्टला टेकणारी बाजू तर तुपात तळल्यासारखी. कार्बनला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. हे मी स्वतः लॉग १ मध्ये लिहिलंय, जाऊन बघा.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पोस्ट, वेज आणि फ्रेमची आतली बाजू तीन वेळा पुसली, कापड पांढरं निघेपर्यंत. आतली बाजू पुसायला लाटण्याला कापड गुंडाळून घातलं. (लाटणं धुऊन जागेवर ठेवलं आहे. घरात कोणी हा लॉग वाचत नाही.) मग पेस्ट. ही काही चिकटवायची वस्तू नाही. जेलमध्ये बारीक कठीण कण असतात, ते दोन पृष्ठभागांमध्ये रुतून बसतात. बोटांत चोळून बघा, पोह्यावरच्या जिरावण मसाल्यासारखी कचकच लागते. मी फिनिश लाइनची वापरली, एक ट्यूब दोन-तीन सायकलींना पुरते. पॅकिंगसोबत फुकट येणारी बिननावाची पुडी मात्र उघडली तेव्हा वाळून खडा झाली होती.

बोल्ट ६ एनएमला (न्यूटन-मीटर, पिळण्याच्या जोराचं माप), फ्रेमवर छापलंय तसा. टेपला रजा दिली. त्याच्या जागी पांढऱ्या पेंट-मार्करने टोपीच्या कडेला बारीक रेघ, आणि मोजायला व्हर्नियर. सुपर कॉरिडॉरवर सकाळी सहाला, मेट्रोच्या खांबांच्या बाजूने टीसीएसपर्यंत चार फेऱ्या, मुद्दाम काँक्रीटच्या सांध्यांवरून धडधडत. घरी येऊन मोजलं : दोन मिलिमीटर.

कमी झालं, पण दोन म्हणजे शून्य नव्हे. इथे माझं डोकं फिरलं. विक्रेत्याला मेल टाकला तर उत्तर आलं, आणखी आवळा, ७ पर्यंत चालेल. फ्रेमवर तुम्हीच ६ छापलंय ना भाऊ? गल्लीतल्या सायकलवाल्या उस्तादांना दाखवलं, तर त्यांनी एल-की हातात घेतली आणि म्हणाले, "भिया, इत्ता नाजुक क्यों पकड़ रहे, कस दो ना।" हात धरून थांबवलं. ॲल्युमिनियम दबतं, आधी कुरकुर तरी करतं. कार्बन एकदाच बोलतो.

तेव्हा रात्री अकरा वाजता डोक्यात आलं : ६ म्हणजे खरोखर ६ आहे का? माझा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला इशारा देणारा पाना, ऑनलाइन सेलमधला. त्याच्यावर विश्वास का ठेवला होता? तर तो छान 'टक्' वाजतो म्हणून.

तपासणी घरच्या घरी होते, करून बघा. एक जुना बोल्ट व्हाइसमध्ये पक्का धरला, त्यावर रेंच आडवा. हँडलच्या पकडीच्या मध्यावर, बिटच्या मध्यापासून मोजून २० सेंटिमीटरवर, सासूबाईंचा बॅग मोजायचा डिजिटल वजनकाटा अडकवला आणि काटकोनात हळू ओढला. ६ एनएम भागिले ०.२ मीटर म्हणजे ३० न्यूटन, काट्यावर ३.०६ किलो दिसायला हवेत. पहिला टक् : २.४. दुसरा : २.५. मग २.५, २.४, २.५. म्हणजे रेंच ६ म्हणून सांगत होता ४.८ च्या आसपास. सातत्य उत्तम, खोटं बोलण्यातसुद्धा. डायल ७.३ वर नेला तेव्हा काट्याने ३.०५ दाखवले. आता रेंचच्या हँडलवर मास्किंग टेप लावून त्यावर पेनाने लिहून ठेवलंय.

आणि हाच रेंच स्टेमच्या (हँडलबार धरणारा तुकडा) आणि ब्रेक कॅलिपरच्या बोल्टनाही वापरला होता! सगळे पुन्हा तपासले. एक कॅलिपर बोल्ट पाव फेरा आणखी गेला. दुखण्यापेक्षा याने जास्त घाम फुटला.

खऱ्या ६ वर पुन्हा सुपर कॉरिडॉर. एक मिलिमीटर. अजूनही!

सुटलं ते शेवटी सगळ्यात फालतू जागी. बोल्ट फिरवताना 'किर्र' असा आवाज येत होता, तो मी आवळतोय याची खूण समजत होतो. खरं तर बोल्ट कोरडा ठणठणीत होता. आट्यांवर बारीक राखाडी भुकटी, डोक्याखाली चकाकणारं घासल्याचं कडं. रेंच मोजतो फक्त पिळायला लागणारा जोर. त्यातला बहुतेक जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, प्रत्यक्ष दाबायला साधारण दहा टक्के उरतो. बोल्ट कोरडा असला की तेही कमी. रेंच बरोबर सांगतो, पण वेजपर्यंत काही पोचत नाही. म्हणजे बघा, पोस्टला ग्रीस नको होतं तिथे मी थापलं, आणि आट्यांना हवं होतं तिथे थेंबभर नाही.

आट्यांना, बोल्टच्या डोक्याखाली आणि वेजच्या दोन उतारांमध्ये ग्रीस. पोस्टला टेकणाऱ्या बाजूला फक्त पेस्ट. ग्रीस लावल्यावर त्याच टॉर्कला दाब वाढतो, म्हणून थेट ६ ला गेलो नाही. ५, मग ५.५, प्रत्येक टप्प्यावर सॅडलवर जोरात बसून रेघ बघितली. ५.५ लाच थांबलो. बोल्ट लोण्यासारखा फिरला, किर्र नाही.

परीक्षेला जानापावचा डोंगर. एबी रोडने महू, तिथून पुढे वळून वर. ८५४ मीटर उंची, माळव्यातल्या सगळ्यात उंच डोंगरांपैकी एक, चंबळ इथूनच निघते. चढ शेवटी जीव काढतो, पण मला उतार हवा होता. खड्डे, मग गावातले एकामागे एक लावलेले गतिरोधक. एकही चुकवला नाही. वर मंदिरापाशी थांबलो, चष्मा काढून रेघ बघितली. टोपीच्या कडेला चिकटून. घरी येऊन व्हर्नियर लावला : शून्य. ऐंशीच्या वर किलोमीटर आणि गुडघ्याने तोंड उघडलं नाही. दारात उभा राहूनच दोन गुलाबजाम खाल्ले.

आता आरामाचं. सॅडल परत ७१५ ला गेल्यावर हँडलबारपर्यंतचा उतार चौदा मिलिमीटरने वाढला, आणि जानापावहून परत येताना तळहात मुंग्यांनी भरले. तो दहाचा स्पेसर लगेच खाली परतला. आता बारखाली एकूण तीस मिलिमीटर आहेत. एरो फ्रेमवर स्पेसरचा मनोरा बघून नाक मुरडणाऱ्यांना सांगतो, वाऱ्याचा बहुतेक अडथळा सायकलीचा नसतो, स्वाराचा असतो. हूडवर (ब्रेकच्या रबरी मुठींवर) कोपर वाकवून चाळीस मिनिटं बसता आलं तर त्या फ्रेमचा काही उपयोग. नाहीतर महागड्या पोस्टवर ताठ बसून पोहे खायला जायचं.

टायर प्रेशरही खाली आणलं. माझं वजन ७४ किलो, २८ मिलिमीटर रुंदीचे टायर, रिमची आतली रुंदी २१. पुढे ६३, मागे ६६ पीएसआय. जुन्या सवयीने ८५ भरत होतो, काँक्रीटच्या सांध्यांवर दात वाजायचे. हे आधीच करायला हवं होतं. टीपीयू, म्हणजे हलक्या प्लास्टिकच्या ट्यूब मात्र परत काढल्या. वजनाला चाळीस ग्रॅमच्या आत हे खरं, पण खंडवा रोडच्या बाभळीच्या काट्यांना ग्रॅमचं कौतुक नसतं आणि माझे पॅच त्यावर टिकत नाहीत. नेहमीची रबरी ब्यूटाइल ट्यूब झिंदाबाद.

पुढचा बेत १६५ मिलिमीटरच्या आखूड क्रँकचा (पेडलचा दांडा) होता, ड्रॉपमध्ये गुडघा पोटाला लागतो म्हणून. सायकलपटू पोगाचरने २०२४ मध्ये १६५ वापरला तेव्हापासून प्रत्येकाला तोच हवाय, मीही त्यातलाच. पण गुडघा पोटाला लागत होता तो सॅडल बुडाल्यामुळे. परवा १७० वरच ड्रॉपमध्ये व्यवस्थित बसलो. तेव्हा क्रँकचे पैसे... थांबा. हे लिहिता लिहिता उठून गॅरेजमध्ये जाऊन आलो. २८ चा टायर व्हर्नियरवर २९.२ भरतोय, आणि चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांच्या नळ्या, आणि टायर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना ४ ची एल-की आरामात फिरते. ३० चा टायर घातला तर प्रत्येक बाजूला जेमतेम एक मिलिमीटर कमी होईल. फ्रेम ३२ पर्यंत चालते असं कागदावर आहेच. मग क्रँक कशाला? ३० चे टायर, प्रेशर आणखी खाली, मुंग्यांचा प्रश्न निम्मा तिथेच. क्रँकची ऑर्डर रद्द करतोय. माझा १७० चा क्रँक ज्या दोघांनी मागितला होता त्यांनी माफ करावं, तो विकायचा नाही.

३० च्या टायरला ही रिम रुंदीने कमी पडते, १०५ टक्क्यांचा नियम (वाऱ्यासाठी रिम टायरच्या १०५ टक्के रुंद हवी) मोडतो, हे कोणीतरी लिहिणारच. मोडू दे. ताशी ४५ ने जाणाऱ्यांनी ती चिंता करावी, मी सिमरोलच्या चढावर चौदाने जातो.

रेंच तपासायला वजनकाटा मागणाऱ्यांनी बुधवारपर्यंत घेऊन जावा आणि त्याच दिवशी आणून द्यावा. सासूबाई गुरुवारी पुण्याला निघतायत, त्यांच्या चिवड्याचे डबे मोजायचे आहेत.