कोरड्या मुलखात ओले बूट

"इतकी वर्षं सह्याद्रीत भटकलीस आणि आता गाईडला पैसे देणार?" आमचं अमेरिकेतल्या युटा राज्यात जायचं ठरल्यावर ट्रेकच्या जुन्या ग्रुपमधून हाच सूर आला. वाट दाखवायला गाईडची तशी गरज नव्हतीच. कायोटी गल्च ही घळ म्हणजे दोन्ही बाजूंना तांबडा उभा कातळ आणि मधून ओढा. पैसे वसूल झाले ते भलत्याच गोष्टींत.

लास वेगासहून एस्कलांटी गाव गाडीने पाचेक तासांवर आहे. वाटेत ब्राइस कॅन्यन लागतं, तिथे थांबून घ्यावं. गावापुढे होल-इन-द-रॉक रोड नावाचा कच्चा रस्ता आहे, आडव्या वळ्या पडलेला, अगदी दात वाजवणारा. १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन या धर्मपंथाच्या लोकांच्या एका तांड्याने हा रस्ता काढला. शेवटी तर त्यांनी कड्यातली एक भेग सुरुंगाने रुंद केली आणि दोर लावून गाड्या खाली कोलोरॅडो नदीपर्यंत उतरवल्या. आम्हाला मात्र एअर कंडिशन्ड व्हॅनमध्ये कंबर धरून बसायचं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या सॅक ताडपत्रीवर रिकाम्या करायला लावल्या. आमची गाईड तिशीची, उन्हाने रापलेली, बोलायला मऊ आणि कामाला कडक. तिने काटा घेऊन एकेकाची सॅक तोलली. सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत बसायला हवी, असा तिचा दंडक. एका गृहस्थाच्या दोन जीन्स बाहेर निघाल्या, कारण सुती कापड भिजलं की रात्री गारठवतं. माझा मेतकुटाचा डबा तिने उघडला, वास घेतला आणि म्हणाली, "हे चालेल, डबा नाही." मेतकूट पिशवीत गेलं.

मग प्रत्येकाच्या हातात त्या दुसऱ्या पिशव्या आल्या. सांगायला संकोच वाटतो, पण घळीत उतरणाऱ्याने याचाच विचार सगळ्यात आधी करायला हवा. इथे 'मोठ्या कामा'चं जे काही होईल ते पिशवीत भरून पाठीवरून बाहेर आणायचं, असा नियमच आहे. पिशवीत एक पावडर असते. ती ओल शोषून घट्ट होते आणि वासही दाबते. वरून दुसरी जाड पिशवी, तिला झिप. घळ अरुंद आणि सगळ्यांचं प्यायचं पाणी त्याच ओढ्यातलं. शिवाय कोरड्या वाळूत पुरलेलं लवकर कुजत नाही. गाईडने हे सगळं गंभीर चेहऱ्याने हातवारे करून समजावलं. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "हे आईला सांगू नकोस." गंमत सोडा, पण सुट्टीच्या रविवारी आपल्या गडांवर झुडपामागे पाय ठेवायची सोय नसते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा नियम पटवावा लागणार नाही. दुसऱ्या दिवसापासून कोणी त्यावर हसेना.

चाल सुरू होते हरिकेन वॉश या कोरड्या ओढ्याच्या पात्रातून. सात-आठ किलोमीटर कोरडी वाळू, पाय रुततात, सावली बेताचीच. कडेला काळपट, खडबडीत माती दिसते, तिच्यावर पाय द्यायचा नाही. त्या सूक्ष्म जिवांच्या खपल्या असतात, एकदा मोडल्या की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. मग वाळू दमट होते, थोड्या वेळाने घोट्याएवढं पाणी येतं आणि तिथून बूट कोरडे राहायची आशा सोडायची. दर पाच मिनिटांनी ओढा ओलांडावा लागतो, बूट काढत बसलं तर संध्याकाळ होईल. गाईड मात्र प्रत्येक थांब्यावर सगळ्यांचे मोजे उतरवायची आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघायची. टाच नुसती लाल दिसली तरी लगेच चिकटपट्टी. फोड आल्यावर करतात ते उपचार तिने फोड येण्याआधीच केले, म्हणून कोणी लंगडलं नाही.

जेकब हॅम्बलिन आर्च हे वळणावरचं प्रचंड नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. शेजारी कड्याच्या पोटात एवढी खोल कपार आहे की तिच्याखाली उभं राहिलं तर अर्धं आकाश कातळाचंच. जवळच भिंतीतून झरा येतो. वरचा नवाहो वालुकाश्म म्हणजे जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या. पाऊस त्यात मुरत जातो, खालच्या घट्ट थराला अडतो आणि बाजूने पाझरतो. त्या ओलीवर नेचे लोंबतात. काठावर कॉटनवुडची झाडं, पानं पिंपळासारखी, वारा नसला तरी सळसळणारी.

पुढचा मुक्काम झऱ्याच्या बराच खाली होता. तंबू लावण्याआधी गाईडने हात वर करून भिंतीकडे दाखवलं. डोक्यावर पुरुषभर उंचीवर कातळाच्या खाचेत काटक्या आणि गवत अडकलं होतं. पूर तिथवर आला होता. मग आमचे तंबू त्याहून उंच वाळूच्या बाकावर लागले, पाण्यासाठी खाली-वर करायला लागलं तरी. सकाळी तिने सॅटेलाइट यंत्रावर हवामान पाहिलं आणि एस्कलांटी नदीच्या संगमापर्यंत जायचा बेत रद्द केला. आमच्या डोक्यावर निळंशार आकाश. दोघे-तिघे कुरकुरले. तेव्हा तिने ऍरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १९९७ मध्ये पाऊस काही मैल दूर पडला आणि लोंढ्यात अकरा जण गेले. कुरकुर थांबली.

दुपारी ओढा वीतभर चढला, एवढंच. पण पाणी तांबूस गढूळ झालं. गाळणी लगेच तुंबली असती. गाईडने घडीच्या बादलीत पाणी भरलं, खिशातून डबी काढली, चिमूटभर पांढरी पूड टाकून ढवळली आणि तासभर बादलीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. पूड म्हणजे तुरटी! आजीच्या माठाची आठवण सांगायचा मोह मी आवरला, नवऱ्याने आवरला नाही. गाळ खाली बसल्यावर वरचं निवळ पाणी गाळणीतून सुरळीत उतरलं.

जाणार असाल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बघा. जुलै ते सप्टेंबर तिथला वादळी पावसाचा काळ. मुक्कामाचा परवाना फुकट असतो, पण घ्यावाच लागतो. गट जास्तीत जास्त बारा जणांचा हवा, कुत्रा चालत नाही, शेकोटीही नाही. गाईडला वर टीप द्यायची रीत आहे, तीही हिशेबात धरा. आणि तुरटी अमेरिकेतल्या किराणा दुकानात मसाल्यांच्या फळीवर मिळते.