पित्त, काळीज आणि नववीचा वर्ग

मी संगमेश्वर तालुक्यात विज्ञान शिकवते. नववीला पचनसंस्था घेतली की पहिल्या तासाला पुस्तक उघडत नाही, फक्त विचारते, "पित्त कुठे तयार होतं?" आणि वर्ग एका सुरात सांगतो, "पोटात, बाई!"

मुलांचं काही चुकत नाही. आजी जेव्हा "पित्त झालंय" म्हणते तेव्हा तिच्या छातीत जळजळत असतं, आंबट ढेकरा येत असतात. अंगावर गांधी उठल्या तरी ते पित्तच, त्यावर आमसुलाचं पाणी लावायचं. मग पुस्तकात "पित्तरस यकृतात तयार होतो" असं वाक्य आलं की मुलं ते पाठ करतात, पण आजीचं पित्त पोटातच राहतं. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

म्हणून आधी हा गुंता सोडवते. आजीला जे जाळतं ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. ते आंबट. आणि उपाशीपोटी उलट्या झाल्या की शेवटी शेवटी जे कडू, हिरवट-पिवळं पडतं, तो खरा पित्तरस. आंबट ते आम्ल, कडू ते पित्त, एवढं जिभेवर बसलं की पुढचं सोपं जातं. यकृतातून निघणारा पित्तरस उलट किंचित आम्लारिधर्मी असतो, हे ऐकून मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

काळजाचंही तसंच. "काळीज धडधडलं" म्हणतो तेव्हा आपल्याला हृदय म्हणायचं असतं, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की खाटीक यकृत कापून देतो. संस्कृतातला "कालेय" हा शब्द यकृताचाच, म्हणजे खाटकाचं बरोबर आहे! माणसाच्या शरीरात हे यकृत साधारण दीड किलोचं, आतल्या अवयवांत सगळ्यात मोठं. मी दप्तरातून दीड किलो तांदळाची पिशवी काढते आणि ती बाकाबाकांवरून फिरते. मुलं ती उजव्या बरगड्यांखाली धरून बघतात.

आता खरी अडचण. उत्तरपत्रिकेतल्या आकृत्या तपासताना मला दर वर्षी तोच बाण दिसतो: अन्न जठरातून निघून यकृतात शिरतं, तिथून स्वादुपिंडात आणि मग आतड्यात. "सहायक अवयव" म्हणजे अन्न ज्यांच्यातून जातच नाही असे अवयव, ही मूळ गोष्टच निसटलेली असते. लाळग्रंथी, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, सगळे वाटेच्या कडेला बसून वाटेत रस सोडतात. आमच्या मुलांना हे नदीवरून पटतं. सोनवी येऊन शास्त्रीला मिळते, शास्त्रीचं पाणी सोनवीत चढत नाही. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका या दोन ओढ्यांसारख्या, बहुतेकांच्या शरीरात त्या आधी एकमेकींना मिळतात आणि मग लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरतात. (पचलेल्या अन्नातलं बरंचसं पुढे रक्तातून यकृताकडे जातं हे खरं, पण ते बाण नीट बसल्यावर सांगते. आधी सांगितलं की पुन्हा घोळ होतो.)

लाळेला एक तास पुरतो. भाकरीचा तुकडा गिळू नका, नुसता चावत राहा, गोड लागेपर्यंत. मग भाताच्या पेजेत टिंक्चर आयोडीनचा थेंब: निळं-काळं, म्हणजे पेजेत पिष्ट आहे. दुसऱ्या परीक्षानळीत पेज आणि लाळ, नळी मुठीत धरून ऊब द्यायची, पंधरा-वीस मिनिटांनी थेंब टाकला की निळा रंग फिका पडतो किंवा उमटतच नाही, कारण लाळेने पिष्टाची साखर करायला घेतलेली असते. ज्याची लाळ त्याचीच नळी, आणि धुणंही त्याचंच.

पित्ताचा प्रयोग मात्र मी जिवापाड जपलाय. कोंबडी साफ करताना पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर मटण कडू होतं, हे आमच्याकडच्या पोरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मग तीच पिशवी वर्गात का आणू नये? शनिवारी सकाळी खाटकाकडून बकऱ्याची पिशवी न फोडता मागून आणते. हिरवी, लांबट, ओली, बोटभर लांबीची. हातमोजे घालून सुईने टोचते. दोन नळ्यांत पाणी आणि गोडेतेलाचे दहा-दहा थेंब, एकीत पित्ताचे थेंब, दोन्ही जोरात हलवायच्या. पित्त नसलेल्या नळीत तेल मिनिटाभरात वर येऊन बसतं. दुसरीत सगळं ताकासारखं गढूळ होतं आणि तसंच राहतं. पित्तात विकर, म्हणजे अन्न फोडणारं द्रव्य, नसतंच. ते तेल पचवत नाही, त्याचे बारीक थेंब करून ठेवतं, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातल्या, म्हणजे स्वादुरसातल्या, लायपेज या विकराला काम करायला जागा मिळते. हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्या नळीनंतर ते लिहावं लागत नाही.

ज्यांच्या घरी चालत नाही त्या मुलांना मी जबरदस्ती करत नाही. ती तोच प्रयोग भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने करतात, समजतं तेवढंच.

गेल्या वर्षी नळी हलवता हलवता एक मुलगी थांबली. "बाई, माझ्या आईची पित्ताची पिशवी काढली. खडे झाले होते. मग आता तिला तेल पचणारच नाही?" वर्ग गप्प झाला. तिने हा प्रश्न किती दिवस मनात धरून ठेवला होता कोण जाणे. मी फळ्यावर यकृत काढलं आणि पित्ताशय पुसून टाकलं. पित्त बनतं यकृतात, पिशवी फक्त ते साठवते आणि दाट करते. पिशवी गेली तरी यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतच राहतं, ते थेट आतड्यात झिरपतं. एका वेळी खूप तेलकट खाल्लं तर काहींना त्रास होतो, म्हणून जपायचं, बाकी जेवण पचतं. तिने वहीत पिशवी नसलेली आकृती काढून घेतली. घरी दाखवायला, म्हणाली.

स्वादुपिंडाकडे वळलं की प्रश्न आजोबांवर जातो. "आजोबा इन्शुलिनची गोळी का नाही घेत, सुईच का?" याचं उत्तर याच धड्यात आहे. इन्शुलिन हे प्रथिन, आणि प्रथिनं फोडणं हे जठरातल्या पेप्सिनचं आणि स्वादुरसातल्या ट्रिप्सिनचं कामच. गिळलं तर ते डाळीसारखं पचून जाईल. स्वादुपिंड हा एकच अवयव प्रथिन फोडणारा रस आतड्यात सोडतो आणि इन्शुलिन हे प्रथिनाचंच संप्रेरक रक्तात. मग टोरोंटोची गोष्ट सांगते: जानेवारी 1922, लिओनार्ड थॉम्पसन नावाचा मुलगा, मधुमेहाने वाळून गेलेला. स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन त्याला दिलं, पण फारसा उपयोग झाला नाही, अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि रक्तातली साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षं जगला. त्याचं तेव्हाचं वय सांगितलं की वर्गात चुळबूळ थांबते. चौदा.

या सगळ्याला परीक्षेत फार गुण नाहीत, आणि वेळापत्रकात याला दोनच तास दिलेले असतात. मी पाच घेते.

परवा पालकसभेला ती आई भेटली. आकृती घरी फ्रिजवर लावली आहे म्हणाली, आणि तूप किती चालेल ते विचारत होती. तेवढं डॉक्टरांनाच विचारा, म्हटलं.

या शनिवारी पुन्हा खाटकाकडे जायचं आहे. यंदा तुकड्या दोन झाल्यात, म्हणून पिशव्याही दोन सांगून ठेवल्या आहेत.