मालक कोसळतो तेव्हा कुत्रा काय करतो

घरात एकटा असलेला माणूस छातीत कळ येऊन कोसळतो, त्याचा कुत्रा भुंकून भुंकून शेजाऱ्यांना गोळा करतो आणि त्या माणसाचा जीव वाचतो, अशी बातमी अधूनमधून वाचनात येते. अशा बातम्या खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही. मात्र ज्या घरात कुत्रा मालकाशेजारी नुसताच बसून राहिला किंवा स्वतःच घाबरून पलंगाखाली शिरला, त्या घराची बातमी होत नाही आणि कुत्र्यांच्या या गुणाविषयीचे आपले मत एकाच बाजूच्या पुराव्यावर बनत जाते. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे आणि आमच्याकडे कुत्री आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. या विषयावरचे संशोधन मी मिळेल तसे वाचत आले आहे.

कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात क्रिस्टा मॅकफर्सन आणि विल्यम रॉबर्ट्स यांनी केलेला प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याला मोकळ्या मैदानातून नेत असताना मालकाने हृदयविकाराचा झटका आल्याचे सोंग करून खाली पडायचे आणि जवळच बसलेल्या अनोळखी माणसाकडे कुत्रा मदतीसाठी जातो का, ते पाहायचे, अशी त्याची रचना होती. दुसऱ्या प्रयोगात मालक पुस्तकांच्या कपाटाखाली अडकल्याचे नाटक करून मोठ्याने कण्हत होता. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच निघाला : मदत आणण्यासाठी कुत्रे त्रयस्थ माणसाकडे गेले नाहीत. यावर कुत्र्यांच्या बाजूने एक आक्षेप घेता येतो आणि तो मला रास्त वाटतो. सोंगाला वास नसतो. ज्या प्राण्याचे जग प्रामुख्याने गंधाचे आहे, त्याला निरोगी शरीराचा नेहमीचाच वास येत असताना त्याने घाबरून धावाधाव का करावी?

पुढच्या प्रयोगांनी हे चित्र बरेच बदलले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 34 कुत्र्यांचे मालक पारदर्शक दारामागे बसले होते. काहींनी रडण्याचा आवाज काढायचा होता, तर काहींनी बालगीत गुणगुणायचे होते. दार चुंबकाने लावलेले होते आणि नाकाने ढकलले की उघडत होते. दोन्ही गटांतील साधारण निम्म्याच कुत्र्यांनी ते उघडले, पण रडणे ऐकणाऱ्यांनी सरासरी 23 सेकंदांत आणि गुणगुणणे ऐकणाऱ्यांनी सुमारे 96 सेकंदांत. मला त्यातली वेगळीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. रडणाऱ्या मालकापर्यंत जे कुत्रे पोहोचले, त्यांच्यात तणावाची लक्षणे तुलनेने कमी होती. जे पोहोचले नाहीत, त्यांच्यात ती जास्त होती. म्हणजे जागचा न हललेला कुत्रा निर्विकार असतो असे नाही. कदाचित तोच सर्वांत जास्त हादरलेला असतो.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील 2020 चा अभ्यास याच मुद्द्याला दुसऱ्या बाजूने भिडतो. मोठ्या खोक्यात शिरून बसलेला मालक मदतीसाठी हाका मारत होता आणि 60 पैकी 20 कुत्र्यांनी त्याला बाहेर काढले. एक तृतीयांश हे प्रमाण कोणालाही निराशाजनक वाटेल. पण त्याच खोक्यात डोळ्यांदेखत खाऊ टाकल्यावर तो काढणे फक्त 19 कुत्र्यांना जमले आणि त्या 19 पैकी 16 जणांनी मालकालाही सोडवले. खोके उघडायचे कसे हेच बहुतेकांना कळत नव्हते, ज्यांना कळले त्यांनी मालकालाही बहुधा बाहेर काढलेच. मालकाकडे पोहोचण्याची ओढ उपजत असते, युक्ती उपजत नसते, असे मी या सगळ्यावरून मानते आणि कुत्र्याकडून कशाची अपेक्षा धरावी याचे उत्तरही मला त्यातच दिसते.

आता गंधाविषयी, कारण कुत्र्याची खरी ताकद तिथे आहे. माणसाच्या नाकात गंध ग्रहण करणाऱ्या पेशी काही दशलक्ष असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या वीस-पंचवीस कोटींच्या घरात असतात. 1989 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रात अशा कुत्रीची हकिगत आहे, जी मालकिणीच्या पायावरचा एक तीळ कपड्यांवरून सतत हुंगत असे आणि पुढे तिने तो चावून काढण्याचाही प्रयत्न केला. तपासणीत तो त्वचेचा कर्करोग निघाला. त्या कुत्रीला कोणी काही शिकवलेले नव्हते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात 2022 मध्ये 36 जणांना अवघड तोंडी हिशेब करायला लावून आधीचे आणि नंतरचे घाम व श्वासाचे नमुने घेण्यात आले, तेव्हा प्रशिक्षित कुत्र्यांनी तणावाचा नमुना 93.75 टक्के वेळा बरोबर ओळखला.

रक्तातील साखर उतरण्याबाबत 2008 मध्ये मधुमेह असलेल्या 212 श्वानपालकांची पाहणी झाली. त्यांतील सुमारे 65 टक्के लोकांनी सांगितले की साखर उतरल्यावर आपल्या कुत्र्याचे वागणे निदान एकदा तरी बदलले होते : हात चाटणे, नाकाने ढोसणे, भुंकणे, अंगावर चढणे. केंब्रिजमध्ये 2016 साली टाइप १ मधुमेह असलेल्या आठ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात साखर खाली गेल्यावर उच्छ्वासातील आयसोप्रीन या वायूचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले. कुत्रे नेमका हाच वायू ओळखतात, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

आमची कुत्री रात्री भावाच्या हाताला नाक लावून कण्हू लागली की आम्ही त्याचे बोट टोचून साखर मोजतो. बऱ्याचदा ती खरोखरच उतरलेली असते आणि काही वेळा कुत्रीला फक्त बाहेर जायचे असते. ती वासावरून ओळखते, की तो घामाघूम होऊन कूस बदलत राहतो त्यावरून, हे मला सांगता येणार नाही. पण तिच्या भरवशावर आम्ही भावाच्या अंगावरचा साखर मोजणारा सेन्सर काढून ठेवलेला नाही. खास प्रशिक्षण दिलेल्या कुत्र्यांचे आकडेही परस्परांपासून फार दूर आहेत. 2017 च्या एका अभ्यासात त्यांनी साखर उतरल्याचे सुमारे 36 टक्केच प्रसंग ओळखले, तर 2019 च्या ब्रिटिश अभ्यासात 27 कुत्र्यांचे मध्यक प्रमाण (निम्मे कुत्रे याच्या वर, निम्मे खाली) 83 टक्के आले. कुत्र्याने इशारा दिला तर तपासावे, न दिला तर निर्धास्त राहू नये, इतकाच अर्थ मी त्यातून काढते.

अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, बाबतीत अधिकच सावध राहावे लागते. फ्रान्समधील रेन येथील संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिले की झटक्याच्या वेळी शरीराला वेगळा गंध असतो आणि प्रशिक्षित कुत्रे तो ओळखू शकतात. मात्र त्यापूर्वी, 2007 मध्ये, ज्यांचे कुत्रे झटक्याची आगाऊ सूचना देतात असे मानले जात होते, अशा काही रुग्णांची मेंदूतील विद्युत हालचालींच्या आलेखासह चित्रफीत घेऊन तपासणी झाली, तेव्हा त्यांतील काहींचे झटके अपस्माराचे नसून मानसिक कारणांचे असल्याचे दिसून आले. कुत्र्यांना तणावाचा वास येतो हे लक्षात घेतले, तर ते त्या वेळी वाढती अस्वस्थता हेरत असावेत, हा तर्क मला पटतो. कुत्रा फसवत नव्हता, पण त्याच्या इशाऱ्यावरून निदान ठरवले असते तर उपचार चुकले असते.

मालकाचे रक्षण करण्याची वृत्ती ऐन वेळी अडचणीचीही ठरते, याबद्दल फार कमी बोलले जाते. बेशुद्ध पडलेल्या मालकाशेजारी उभा राहून गुरगुरणारा कुत्रा रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना जवळ येऊ देत नाही आणि त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. जखम चाटणे हेही प्रेमाचे लक्षण असले तरी घातक ठरू शकते. कुत्र्यांच्या लाळेत आढळणारे काही जिवाणू मधुमेही किंवा प्लीहा (पाणथरी) काढलेल्या माणसाच्या रक्तात शिरले तर गंभीर संसर्ग होतो.

म्हणून एकट्या राहणाऱ्या आजारी माणसाने कुत्र्याला आज्ञेवर भुंकायला, शक्य असेल तर मदत बोलावणारे मोठे बटण पंजाने दाबायला शिकवावे. ही सवय मालक उभा असतानाच नव्हे, तर तो जमिनीवर आडवा पडलेला असतानाही वारंवार करून घ्यावी, कारण मालकाला त्या अवस्थेत पाहून कित्येक कुत्रे तो खेळ समजतात. घराबाहेरच्या निदान एका माणसाची कुत्र्याला इतकी सवय असावी की तो माणूस कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालून त्याला बाजूला नेऊ शकेल. रुग्णवाहिकेसाठी फोन करणाऱ्याने घरात कुत्रा आहे हे पत्त्याबरोबरच सांगावे.