लाईन गेली का बे?

नागपुरात लाईट जात नाही, लाईन जाते. पुण्याकडच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात, म्हणतात लाईन कशी जाईल, तार तर खांबावरच आहे ना. असू दे. इथं मे महिन्यात कूलर बंद पडला की अख्ख्या गल्लीतून एकच आवाज येतो, "लाईन गेली का बे?" आणि मग कोणीतरी लाईनमनला फोन लावतो आणि तो म्हणतो, "फॉल्ट शोधून राहिलो ना भाऊ, येते लाईन."

या एका शब्दावर आपण किती कामं काढतो ते जरा बघा. पाहुणे आले की विचारतात, पोरगा कोणत्या लाईनले गेला, सायन्स की कॉमर्स. तोच पोरगा उनाडक्या सोडून अभ्यासाला लागला की लाईनीवर आला, आणि लाईन मारत फिरला तर बाप त्याला लाईनीवर आणतो. रेशनच्या दुकानात लाईन. मेट्रोची ऑरेंज लाईन खापरीले जाते, ॲक्वा लाईन लोकमान्य नगरले, दोघी बर्डीले भेटतात. आणि टेलरकडे तर कहरच, बायका ब्लाउज शिवायला टाकताना लायनिंग लावा म्हणतात म्हणजे आतून अस्तर, आणि पुरुष शर्टाचं कापड घेताना लायनिंगवाला दाखवा म्हणतात म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा. एकाच दुकानात एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि कोणाचाही घोळ होत नाही.

मला वाटायचं की अस्तराचं लायनिंग आणि रेघेची लाईन हे दोन वेगळे शब्द असतील, योगायोगानं सारखे दिसणारे. पण शोधत गेलो तर दोन्ही एकाच झाडाला लटकलेले निघाले. आणि ते झाड कोणतं, तर जवस. आपलं चटणीचं जवस!

झालं असं की लॅटिनमध्ये जवसाला लिनुम म्हणायचे. जवसाच्या काड्या पाण्यात कुजवल्या की त्यातून लांब चिवट धागा निघतो आणि त्याचं कापड म्हणजे लिनन. हा धंदा फार जुना आहे, जॉर्जियातल्या एका गुहेत जवसाचे सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे धागे सापडलेत, आणि त्यातले काही पीळ दिलेले आहेत. तर या लिनुमच्या दोरीला रोमन लोक लिनेआ म्हणत. आता सुतार असो की गवंडी, त्याला सरळ रेघ पाहिजे असली की तो काय करतो, दोरी ताणतो. मग दोरीचं नाव रेघेला चिकटलं आणि रेघेचं नाव रांगेला, तारेला, कवितेच्या ओळीला, घराण्याला, जे जे सरळ आणि लांब दिसलं त्या सगळ्याला.

इंग्रजीत हा शब्द एकदाच आला असंही नाही. जुन्या इंग्रजीत दोरी या अर्थानं तो आधीच होता, जर्मन कुळातल्या भाषांनी लॅटिनमधून फार आधीच उचललेला, आणि मग फ्रान्सकडचे नॉर्मन इंग्लंडात आल्यानंतर फ्रेंचमधून लिन्य आला, रेघ हा अर्थ घेऊन, आणि दोघं एकमेकांत मिसळले. अस्तराची वाट तिसरी. कोटाला आतून लिनन लावायचे म्हणून आतून कापड लावणं म्हणजे लाईन करणं, पुढे आत रेशीम लावलं काय आणि पॉलिस्टर लावलं काय, नाव तेच राहिलं. लाँजरी पण त्यातलीच, फ्रेंचमध्ये लिननच्या कपड्यांना लँज म्हणतात त्यावरून. जुन्या सरकारी ऑफिसात जमिनीवर अंथरलेलं असायचं ते लिनोलियम पण जवसाच्या तेलापासून, १८६० च्या दशकात वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसानं काढलेलं.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? आपले गवंडी विटांचा थर लावताना जी दोरी बांधतात तिला लाईनदोरी म्हणतात. म्हणजे दोरीदोरी झालं ना ते! दोन हजार वर्षं फिरून शब्द परत जिथून निघाला तिथंच, घराच्या भिंतीवर, आणि मिस्त्री पोट्ट्यावर ओरडून राहिला, "लाईनदोरी ढिली झाली बे, ताण तिले."

सिव्हिल लाईन्स हा भाग मात्र पलटणीतून आला. छावणीत शिपायांच्या झोपड्या रांगेनं असायच्या म्हणून त्या लाईन्स, आणि मुलकी साहेबांचे बंगले जिथं ते सिव्हिल लाईन्स. आपल्याकडे कामठीची छावणी १८२१ ची, पोलीस लाईन टाकळी अजून आहे, आणि सिव्हिल लाईन्सला विधानभवन आणि हायकोर्ट. आता तिथल्या बंगल्यांची रांगबिंग काही दिसत नाही, मोठमोठी झाडं आणि त्याहून मोठी कंपाउंडं दिसतात, पण नाव लाईन्सच.

तिथून जवळच झिरो माईलचा खांब, इंग्रजांच्या काळातल्या मोजणीची खूण, आणि त्याच्याजवळचे ते दगडी घोडे. या खांबाचं नाव निघालं की मला विल्यम लॅम्बटन आठवतो. या इंग्रज फौजेतल्या अधिकाऱ्यानं हिंदुस्थान मोजायला घेतला. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली बेसलाईन, म्हणजे सगळ्या मोजणीच्या पायाची रेघ, मोजली, साडेसात मैल लांबीची, शंभर फुटी पोलादी साखळीनं. उन्हात साखळी वाढते म्हणून तिला लाकडी खोक्यात ठेवून, तंबूची सावली धरून, थर्मामीटर लावून मोजायचे. दोरीवर भरवसा नव्हता, पण मोजली ती लाईनच. मग त्या एका रेघेवरून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो वर सरकत आला आणि नागपूरकडे येता येता १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. एव्हरेस्ट त्याच्या हाताखालचा माणूस, पण शिखराला नाव एव्हरेस्टचं लागलं आणि लॅम्बटनला आपल्या वर्धा जिल्ह्यातही कोणी ओळखत नाही. हे मला बिलकुल पटत नाही.

रेल्वेची लाईन नागपूरला १८६७ मध्ये पोचली आणि तिच्याबरोबर लाईन क्लिअर आलं. पुढच्या स्टेशनाची परवानगी मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ती परवानगी म्हणजे लाईन क्लिअर. आता घरचे लग्नाला हो म्हणाले तरी लाईन क्लिअर. अमेरिकेत तर काही रेल्वे कंपन्यांच्या नावात एअर लाईन असायचं, विमानाचा शोध लागायच्या कितीतरी आधी, कारण एअर लाईन म्हणजे पक्षी उडतो तसा सरळ रस्ता.

डेडलाईन मात्र खरोखर मरणाची होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात अँडरसनव्हिल नावाचा कैदी तळ होता, १८६४ चा, तिथं कुंपणाच्या आत एक बुटका लाकडी कठडा, तीच डेड लाईन, तिच्यापलीकडे कैदी गेला की पहारेकरी गोळी घालणार. पुढे वर्तमानपत्रवाल्यांनी तो शब्द बातमी देण्याच्या वेळेला लावला. आमच्या ऑफिसात डेडलाईन आठवड्यात दोनदा पुढे ढकलतात, म्हणजे विचार करा.

बरं, जवसाकडे परत. ते आपल्या विदर्भातलं रब्बीचं पीक, थंडीत निळी फुलं येतात, आणि नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्यावर संशोधन केंद्रही आहे. जामठ्याच्या स्टेडियमवर बॉलर लाईन अँड लेंथ पकडतो तेव्हा समोरच्या बॅटला चोळलेलं तेल जवसाचंच असू शकते, पण कॉमेंटरीवाले हे सांगत नाहीत. आता कोणी म्हणेल मग आपण लिनन का नाही काढत, शोरूममध्ये त्या शर्टाची किंमत बघून तर चक्कर येते. तर धाग्याचं जवस वेगळ्या जातीचं, उंच सरळसोट, फांद्या फक्त शेंड्याला. आपलं बुटकं आणि फांद्याळ, कारण आपल्याला बी पाहिजे. तेव्हा आपल्या वावरातल्या जवसाची दोरी वळायला कोणी बसू नका, भाजा आणि चटणी करा. लसूण मात्र जरा जास्तच टाका.