श्चेद्रिक: सूर उतरणे अखेर थांबले

‘श्चेद्रिक’ हे लेओन्तोविच यांनी चार आवाजांच्या गायकवृंदासाठी बांधलेले युक्रेनी गीत; ते संपेपर्यंत आमच्या वृंदाचा सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली येतो, हे मागच्या नोंदीत लिहिले होतेच. रविवारच्या तालमीत मात्र रचना जी मायनर या स्वरपट्टीत सुरू झाली आणि जी मायनरमध्येच संपली; ट्यूनरने, म्हणजे सूर मोजणाऱ्या उपकरणाने, तसे दाखवले तेव्हा सर्वांना झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे.

दुखणे चार सुरांच्या त्या आवर्तनातच होते. जी हा षड्ज धरला, तर ते कोमल ग, रे, कोमल ग, सा असे होते. रिषभावरून कोमल गंधारावर परतताना सोप्रानोंचा, म्हणजे सर्वांत उंच स्त्री-आवाजांच्या गायिकांचा, आवाज केसभर कमी चढत असे, आणि तेच सूर सतत फिरत राहत असल्यामुळे ती तूट साठत जाई. हळू आवाजात, म्हणजे नेमके आरंभीच, हे अधिक घडे. उपाय म्हणून तानपुऱ्याचे ॲप लावले, तर आल्टो, म्हणजे खालच्या स्त्री-आवाजांच्या गायिका, उतरत कोमल धैवतावर आल्या की पंचमाची तार त्यांच्याशी भांडू लागली. शेवटी ती तारही षड्जावरच लावली, मधूनमधून तानपुरा बंद केला आणि पुन्हा सुरू करून सूर पडताळला. त्याने काम झाले. पेटी मी तालमीतून पूर्णपणे काढली आहे. ती सूर दाखवते, पण धरून ठेवायला शिकवत नाही.

विकत घेतलेली पहिली स्वरलिपी बाजूला ठेवावी लागली, कारण तिच्यावर केवळ पीटर विल्हाउस्की यांचे १९३६ चे इंग्रजी शब्द होते. मूळ गीतात पाकोळी घरी येते आणि कोकरे जन्मल्याची वार्ता यजमानाला सांगते. तिच्या जागी नाताळच्या घंटा आल्या, की गीताचे गावच बदलते. ज्या युक्रेनी भाषेतील शब्द स्वरलिपीखाली छापण्यावरही रशियाच्या झारने १८७६ च्या एम्स फर्मानाने बंदी घातली होती, त्या भाषेतील शब्द आपण सोयीसाठी गाळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. १९१९ मध्ये युक्रेनचे नेते पेटल्युरा यांनी वृंदसंचालक कोशित्झ यांचा गायकवृंद युरोपात धाडला, तो युक्रेनचे प्रजासत्ताक हे वेगळे राष्ट्र आहे हे जगाला ऐकवण्यासाठीच. ५ ऑक्टोबर १९२२ रोजी तो वृंद न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायला, तेव्हा ते प्रजासत्ताक उरले नव्हते, आणि श्चेद्रिकचे रचनाकार लेओन्तोविच यांनाही जानेवारी १९२१ मध्ये चेकाच्या, म्हणजे बोल्शेविकांच्या गुप्त पोलिसांच्या, हस्तकाने गोळी घालून ठार केले होते.

याच लेओन्तोविच यांनी १९०४ नंतर ह्रिशिने, म्हणजे आजच्या पोक्रोव्स्क येथे रेल्वे कामगारांचा वृंद उभारला होता. दिवसभर राबून आलेल्या माणसांकडून त्यांनी चार आवाज कसे बसवून घेतले असतील, हा विचार तालमीत हल्ली वारंवार येतो.

पुढे त्यांचेच ‘दुदारिक’ घेण्याचे ठरले होते, परंतु हे लिहिता लिहिताच बेत बदलतो आहे. युक्रेनी रचनाकार लिसेन्को यांची १८८५ ची ‘युक्रेनसाठी प्रार्थना’ आधी घ्यावी. तिचे स्वरसंघ संथ व लांब आहेत, त्यामुळे सूर घसरला तर लपण्यास जागा नाही; शिवाय बास, म्हणजे सर्वांत खालच्या पुरुष-आवाजांना, तिच्यात भरपूर काम आहे. या प्रार्थनेची स्वरलिपी युक्रेनी उच्चारांच्या देवनागरी लेखनासह मी या आठवड्यात तयार करीत आहे. तालमीत तानपुरा षड्जावरच राहील.