हिगोनोकामी: लॉक नसलेला चाकू वापरायला शिकताना

वनस्पतींची चित्रं काढायची तर पेन्सिलीला लांब, निमुळतं टोक लागतं. पानाची शीर देठापासून कडेपर्यंत एका दमात ओढायची असते, आणि शार्पनरने केलेलं बुटकं टोक अर्ध्या वाटेतच जाड होतं. चित्रकलेच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हिगोनोकामी हा घडीचा जपानी चाकू घ्या आणि हाताने तासायला शिका. मी कोबेला राहते. हा चाकू जिथे बनतो ते मिकी इथून अगदी जवळ, शिनतेत्सु रेल्वेच्या छोट्या गाडीने जाता येतं. मग दुसरीकडून कशाला घ्यायचा?

मिकी म्हणजे अवजारांचं गाव. १५७८ ते १५८० जपानी सरदार हिदेयोशीच्या फौजेने इथल्या किल्ल्याला वेढा घातला होता. त्यात उद्ध्वस्त झालेलं गाव पुन्हा उभारायला सुतार आले आणि त्यांच्या पाठोपाठ लोहार, असं इथे सांगतात. करवती, पटाशा, रंधे, गवंड्याच्या थाप्या आजही इथे बनतात. हिगोनोकामी त्या मानाने अलीकडचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. आता हे नोंदलेलं नाव वापरणारा एकच कारखाना उरलाय, नागाओ कानेकोमा.

गावातल्या 'मिची नो एकी'त, म्हणजे हमरस्त्यावरच्या विसाव्याच्या थांब्यात, वरच्या मजल्यावर अवजारांचं मोठं दुकान आहे. तिथे चाकू हातात घेतला आणि त्याच्या साधेपणावर मी खूश झाले. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं, एक रिव्हेट. स्प्रिंग नाही, लॉक नाही. पात्याच्या मागच्या टोकाला एक छोटी शेपटी असते, तिला चिकिरी म्हणतात. ती अंगठ्याने दाबली की पातं उघडतं, आणि कापताना अंगठा तिच्यावरच ठेवायचा, म्हणजे पातं बोटांवर मिटत नाही. पातं धरून ठेवायचं काम आपल्या अंगठ्याचं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, कारण हातात चाकू असताना मन दुसरीकडे भटकूच शकत नाही.

निवडताना बघायचं ते रिव्हेट. आजीच्या अडकित्त्यासारखंच: सैल असेल तर पातं डुगडुगतं, फार घट्ट असेल तर अंगठा दुखतो. दुकानदारांनी चार-पाच नग उघडून मिटून दाखवले आणि म्हणाले, थोडा घट्टच न्या, वापरून सैल होतो. पुढे जास्तच सैल झाला तर ऐरणीवर किंवा कुठल्याही जाड लोखंडावर ठेवून रिव्हेटच्या डोक्यावर हातोडीने हलके टोले द्यायचे. दोन टोले, मग उघडून बघायचं, मग लागलाच तर आणखी एक.

मी घेतला तो आओगामी नावाच्या कार्बन पोलादाचा, वारिकोमी पद्धतीचा. मधे कडक पोलाद, दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड. धार येते ती मधल्या थराला. पात्याच्या उतारावर दोन धातूंच्या सीमेची नागमोडी रेघ दिसते. दगडावर घासताना मऊ भाग लवकर झिजतो, त्यामुळे धार लावणं नवशिक्यालाही जमतं.

तरी धार लावणं हाच या सगळ्यातला खरा अभ्यास. हजार नंबरचा दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचा. खाली ओला रुमाल, म्हणजे दगड सरकत नाही. पात्याचा रुंद उतार दगडावर सपाट टेकवायचा आणि डाव्या हाताची दोन बोटं धारेच्या अगदी मागे ठेवून दाब द्यायचा. कोन मनाने धरायचा नाही, तो उतारच सांगतो. दगडावर राखाडी चिखल जमतो, तो धुऊन टाकायचा नाही, कापण्याचं काम तोही करतो. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूला धातूची केसासारखी बारीक किनार वळते. दिसत नाही, पण पात्यावरून धारेच्या बाहेरच्या दिशेने नख नेलं की अडकते. ती टोकापासून मुळापर्यंत सलग लागली की मगच बाजू बदलायची. शेवटी हलक्या हाताने दोन्ही बाजू आलटून पालटून, आणि जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढून ती किनार काढायची. नीट धार आली की देवदाराच्या पेन्सिलीची सालपटं न तुटता लांबलचक निघतात, आणि शिसं तासताना करकर आवाज येत नाही.

हे पोलाद गंजतं. लिंबू कापून तसंच ठेवलं तर थोड्याच वेळात डाग पडतो. पुसायचं, कोरडं करायचं, कॅमेलियाच्या तेलाचा थेंब फिरवायचा. वापरत राहिलं की पात्यावर निळसर करडा थर चढतो, तो घासून काढू नये, त्याच्यामुळे गंज कमी धरतो.

शेजारच्या आजोबांना दाखवला तर त्यांनी तो एका हाताने उघडून माझीच पेन्सिल तासून दिली. त्यांच्या शाळेत प्रत्येक मुलाच्या कंपासपेटीत हा असायचा. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये समाजवादी नेते आसानुमा यांची सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत आखूड तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हाती धारदार वस्तू देऊ नका अशी मोहीम देशभर चालली. हत्यार वेगळंच होतं, पण फटका या चाकूला बसला. मला हे अन्यायाचं वाटतं. नागानो प्रांतातल्या आइसोमे प्राथमिक शाळेत मात्र पहिलीच्या मुलांना अजूनही हिगोनोकामी देतात आणि त्याने पेन्सिल तासायला शिकवतात.

जपानमध्ये हा खिशात टाकून हिंडता येत नाही, हे नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांनी नीट लक्षात ठेवावं. सहा सेंटिमीटरहून लांब पातं सबळ कारणाशिवाय बाळगलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. काही घडीच्या चाकूंना थोडी सूट आहे, पण सहा सेंटिमीटरहून लहान पातंसुद्धा विनाकारण लपवून जवळ ठेवलं तर किरकोळ गुन्ह्यांचा कायदा लागतो. 'स्वसंरक्षणासाठी' हे कारण पोलिसांना चालत नाही. म्हणून माझा चाकू वर्गाच्या दिवशीच बाहेर पडतो, कापडात गुंडाळून, पेन्सिली आणि वहीसोबत पिशवीच्या तळाशी. वर्ग सुटला की मी थेट घरी येते, वाटेत बाजारहाट असेल तर आधी चाकू घरी ठेवते. पुण्याला जाताना तो चेक-इन बॅगेत जातो, धारेवर पुठ्ठ्याची पट्टी आणि वर दोरा.