रोममध्ये बसलात की पैसे पडले

पहिल्याच संध्याकाळी पियात्सा नावोना या चौकात दोन कापुचिनोंचं बिल १२ युरो आलं. तेव्हाच्या भावानं हजारावर रुपये. दोघांचा रोजचा खर्च ५० युरोंत बसवायचा असं नाशिकहून निघतानाच ठरवलं होतं. त्यातला चौथा हिस्सा दुधाच्या फेसात गेला. वेटरची काही चूक नव्हती. दरपत्रकावर दोन रकाने होते आणि आम्ही घाईघाईत पहिलाच वाचला होता. काउंटरपाशी उभं राहून प्यायलात तर एक भाव, टेबलाशी बसलात तर दुसरा. इटलीत ही जुनीच रीत आहे, फसवणूक वगैरे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बारमध्ये (इथे बार म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान) आधी गल्ल्यावर पैसे भरले, पावती काउंटरवर ठेवली आणि स्थानिक लोकांसारखी उभ्यानंच कॉफी घेतली. सव्वा युरोत एक. तिथेच वहीत लिहिलं: 'बसायचं नाही.' पुढचे सहा दिवस हाच आमचा नियम होता.

आम्ही गेलो २०२४ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला. थंडी असते, अधूनमधून पाऊसही, पण विमान आणि खोली दोन्ही स्वस्त मिळतात. व्हिसाबद्दल फार लिहीत नाही. शेंगेन व्हिसाची फी तेव्हा ८० युरो होती, त्याच वर्षी जूनमध्ये ९० झाली. ३०,००० युरोंचा प्रवास विमा, बँकेचे व्यवहार, आयकर विवरणपत्रं, खोलीचं बुकिंग, सगळं एकाच क्रमानं लावून नेलं की काम होतं. फक्त एवढंच, की ही फी अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाही. त्यामुळे काटकसर करायची ती पुढे, कागदपत्रांत नाही.

विमानतळावरून थेट मुख्य स्टेशनात, म्हणजे तेर्मिनीला, जाणारी गाडी १४ युरोंची. तिच्याच शेजारच्या फलाटावरून ८ युरोंची लोकल सुटते, ती ओस्तिएन्सेला उतरवते आणि तिथून दीड युरोच्या तिकिटात मेट्रो. दोघांचे मिळून ९ युरो वाचले. हे बॅगा ओढत म्हणाले, "नऊ युरोंत हमाल आला असता." त्यात तथ्य होतं. फार सामान असेल तर सरळ थेट गाडी घ्या. शहरात दीड युरोचं तिकीट शिक्का मारल्यापासून १०० मिनिटं चालतं, मेट्रोचा मात्र एकच प्रवास. शिक्का मारायला विसरू नका, तपासनीस ऐकून घेत नाही. आम्ही एक दिवस सोडला तर चालतच होतो.

खोली घेतली पियात्सा व्हित्तोरिओजवळ, छोट्या ओट्यासह. आत शिरताच माणशी, रात्रीमागे शहराचा वेगळा कर भरावा लागला. तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, हे आम्हाला तिथेच कळलं. पण जागा सोन्यासारखी निघाली. दोन गल्ल्या सोडून एस्क्विलिनोचा झाकलेला बाजार. बांगलादेशी आणि भारतीय दुकानदार, तांदूळ, मसूर डाळ, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची जुडी. मी मोडक्या बंगालीमिश्रित हिंदीत भाव केला, तर दुकानदारानं आलं फुकट टाकलं! मेतकूट आणि लसणाची चटणी घरून नेलेली होतीच. रात्री खिचडी, दुपारी पिझ्झा.

दुपारचा पिझ्झा म्हणजे ताटभर गोल नव्हे. लांबलचक ट्रेमधून कात्रीनं तुकडा कापतात आणि वजनावर देतात. 'एत्तो' म्हणजे १०० ग्रॅम. शब्द आठवला नाही तर हातानं लांबी दाखवायची. शाकाहारी माणसाला एक गुपित सांगते: बटाट्याच्या पातळ कापांचा पिझ्झा मागा. चीजचा पत्ता नाही, वर रोजमेरी आणि मीठ. आम्हाला तो बटाट्याच्या काचऱ्यांची पोळी वाटला आणि आम्ही तो तीन दिवस खाल्ला. शिवाय कार्निव्हलचे दिवस असल्यानं प्रत्येक बेकरीत 'फ्राप्पे' होते, तळलेल्या खुसखुशीत पट्ट्या आणि वर पिठीसाखर. ह्यांनी पहिला तुकडा मोडला आणि थबकले. "अगं, हे तर आपले शंकरपाळे." लाटलेत मात्र फार पातळ.

पाणी विकत घ्यायचंच नाही. रस्त्यारस्त्यावर बिडाचे ठेंगणे नळ आहेत, अखंड वाहणारे, सुमारे अडीच हजार. १८७४ पासूनचे. तोटीच्या आकारावरून लोक त्यांना 'नासोनी' म्हणतात, म्हणजे नाकाडे. नाकाच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की त्या भोकातून वर कारंजं उडतं आणि वाकून पिता येतं. हे कळेपर्यंत माझ्या बाह्या दोनदा भिजल्या.

आता बसण्याचा दुसरा किस्सा. स्पॅनिश पायऱ्या (रोममधला प्रसिद्ध उघडा जिना) १३५ आहेत. ह्यांचा गुडघा निम्म्यावर बोलू लागला आणि हे टेकले. तीन सेकंदांत शिट्टी! २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, दंड २५० युरोंपासून. पोलिसानं फक्त हात वर केला: उठा. आमच्या पाच दिवसांच्या खर्चाइतकी ती शिट्टी होती.

मग बसायचं कुठे? चर्चमध्ये. रोमचं हेच मर्म आम्हाला तिसऱ्या दिवशी उमगलं. बाक फुकट, छप्पर फुकट आणि समोर जे असतं त्याला दुसऱ्या शहरात वीस-वीस युरोंचं तिकीट पडेल. सान पिएत्रो इन विंकोलीत मायकेलअँजेलोनं घडवलेला मोझेस बसलाय, आम्हीही त्याच्यासमोर बसलो. सांता मारिया देल पोपोलोत चित्रकार काराव्हाज्जोची दोन चित्रं. सांत इन्यात्सिओमध्ये तर मान वर करून घुमट बघत राहिलो आणि मग कळलं की घुमट नाहीच. खरा बांधायचा राहिला म्हणून चित्रकार आंद्रेआ पोत्सोनं १६८५ मध्ये सपाट कॅनव्हासवर रंगवून टाकला. पैसे वाचवणाऱ्या दोन माणसांना हे फार आवडलं. सेंट पीटर्सलाही तिकीट नाही, सकाळी सातला गेलात तर तपासणीची रांगही नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक लक्षात ठेवा, लहान चर्च दुपारी बंद असतात, साधारण बारा ते चार. तेव्हा जानिकोलोच्या टेकडीवर जा. बारा वाजता तोफ उडते.

कोलोसियमचं तिकीट १८ युरो. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि पुरातन स्थळं फुकट असतात, आणि आम्ही तारखा त्यावरूनच ठरवल्या होत्या. ४ फेब्रुवारीला दार उघडायच्या तासभर आधी, साडेसातला, रांगेत उभे. फुकटचं तिकीट आगाऊ मिळत नाही, तिथेच घ्यावं लागतं. पुढे चाळीसेक माणसं होती. नऊ वाजता मागे वळून पाहिलं तर शेपूट वळणाआड गेलेलं. गर्दीत आत शांतपणा मिळत नाही, हे खरं. तुम्हाला दगडासमोर एकट्यानं उभं राहायचं असेल तर १८ युरो द्या. आम्हाला शेजारचा फोरमही (प्राचीन रोमच्या चौकाचे अवशेष) त्याच दिवशी फुकट बघून झाला.

शेवटच्या संध्याकाळी सान लुईजी देई फ्रांचेझी हे चर्च. तिथे डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, आणि तिथे अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळानं विझतो. पेटीपाशी दहा-बारा लोक उभे होते आणि सगळे दुसऱ्याच्या खिशाकडे बघत होते. मीही. "टाक की," हे कुजबुजले. म्हटलं, थांबा, कोणीतरी टाकेलच. एकानं टाकलं, आम्ही पुढे घुसलो आणि नीट बघेपर्यंत विझलं. पुन्हा अंधार, पुन्हा वाट.

शेवटी मीच एक युरो टाकला. डावीकडच्या चित्रात टेबलाभोवती माणसं बसली आहेत. उजवीकडून येशू हात पुढे करून मॅथ्यूला बोलावतोय, तिरपा उजेड पडलाय, आणि टेबलाच्या टोकाचा एक तरुण मान खाली घालून नाणी मोजतोय. वर बघायलाही तयार नाही.

"वही काढ," हे म्हणाले. मी काढेपर्यंत दिवा विझला.